दिवा न धरणारा हात

एवढी वर्षं झाली, सेवानिवृत्त होऊनही आता बराच काळ लोटला, पण त्या दीपमाळेवरची ती एक काळी जागा काही डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले आणि घरी येऊन पोटभर जेवलो. या एका प्रकरणात मात्र दोन दिवस घशाखाली घास उतरला नव्हता, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. कृष्णाकाठच्या एका छोट्या कसब्यात मी फौजदार होतो. गाव सातारा जिल्ह्यातलं, म्हणजे इंग्रजी अंमलातलं. पण गावाच्या दक्षिणेचा ओढा ओलांडला की सांगलीकडची संस्थानी हद्द लागे. अलीकडे गुन्हा करून पलीकडे जाऊन बसलं की फौजदार नुसता हात चोळत राहतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यात त्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात पोलिसाच्या टोपीकडं लोक कोणत्या नजरेनं बघत ते वेगळं सांगायला नको. आपण होऊन ठाण्याची पायरी कुणी चढत नसे.

गावात नाव घेण्यासारखं म्हणजे नदीचा दगडी घाट, जुनी वेस आणि वेशीच्या आत देवीचं देऊळ. देवळापुढं काळ्या दगडाची दीपमाळ. तिच्या अंगातून चहूबाजूंनी दगडी हात बाहेर आलेले होते. नवरात्रात रोज संध्याकाळी त्या हातांवर पणत्या लागत. गावची रीत अशी की एकेक हात एकेका घराचा. वरचे दिवे पुरुषांनी शिडी लावून लावायचे. सगळ्यांत खालच्या रांगेचा मान त्या त्या घरच्या सुवासिनीचा. आपला दिवा दुसऱ्याला लावू द्यायचा नाही, आणि एखाद्या घरानं लावलाच नाही तर त्या घराला वर्षभर तोंड दाखवायची सोय राहत नसे.

नवरात्र म्हणजे आम्हाला बंदोबस्त. देवळापुढं गोंधळी, चुरमुऱ्या-बत्ताशांची पालं, जोगवा मागणाऱ्या बायका, मागच्या माळावर कुस्त्या, आणि कुस्त्यांनंतर हमखास होणारी डोकीफोड. चौथ्या माळेच्या सकाळी मी असल्याच एका डोकीफोडीचा जबाब लिहून घेत होतो, तेव्हा गावचे चार पंच ठाण्यात आले. पंच स्वतःहून आले म्हणजे काहीतरी मोठं असणार, म्हणून मी टाक खाली ठेवला.

"सायेब, दीपमाळंचा एक हात दिवा धरीत न्हाई," त्यांतला म्हातारा म्हणाला.

"म्हणजे काय?"

"पणती ठिवली, वात पेटीवली, की चरचरती आन् इजती. तीन दिस झालं. शेजारच्या पणत्या ढणाढणा जळत्यात. वारं न्हाई, काय न्हाई."

"मग तेल बदला. मी काय देवीला समन्स काढू?"

कुणी हसलं नाही. म्हातारा खाली बघत म्हणाला, "त्या घरची धाकटी सून गावात आल्यापास्नं ह्ये चाललंय. तिला गावातनं काढा. आमी काढली तर तुमी आमालाच आत घालशिला, म्हनून आलो."

हे घर उसाची आणि हळदीची बागायत असलेलं, तालेवार. दोन भाऊ. नावं लिहायची नाहीत असं मी ठरवलं आहे, म्हणून त्यांना थोरला आणि धाकटा, आणि त्यांच्या बायकांना थोरली आणि धाकटी असंच म्हणतो. धाकट्याचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. धाकटी माणदेशातली, कोरडवाहू घरची. पितृपंधरवड्यात ती माहेरी गेली होती आणि अमावस्येच्या आत नवरा तिला न्यायला येणार होता. तो आला नाही. म्हणून घट बसले त्याच दिवशी तिचा बाप तिला घेऊन आला. थोरल्यानं तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. नवरा भांडून मुंबईला गेला, असं सांगून त्यानं दार लावलं. बापलेक वेशीजवळच्या धर्मशाळेत राहिले होते.

मी आधी तेलाच्या मागं लागलो. लढाईमुळं करडईच्या तेलात काय वाट्टेल ते मिसळत असत. पण ज्या दुकानातून या घरानं तेल नेलं होतं, त्याच डब्यातलं तेल आणखी दहा घरांनी नेलं होतं आणि त्यांचे दिवे उत्तम जळत होते. मग मी बापलेकींना बोलावून घेतलं.

पोरगी सतरा-अठराची असेल. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "ते मुंबईला गेलं आस्तं तर मला सांगून गेलं आस्तं," ती म्हणाली. "मला न्यायला येतो म्हनून शब्द दिलता त्येंनी."

"तुमचं दोघांचं काही भांडण?"

"न्हाई. त्येंनी दादांकडं वाटणी मागितली हुती. वायलं राहू म्हनत हुते." मग तिनं विचारलं, "सायेब, मला येवढंच सांगा. ह्ये कुकू म्या लावू का नगो?"

पोलिसाला असला प्रश्न कुणी विचारू नये. मी चौकशी करतो म्हणालो आणि तिच्या बापाला चहा द्यायला सांगितला. खरं म्हणजे तिच्या डोळ्यांकडं बघवत नव्हतं.

थोरल्याला दुपारी बोलावलं. चाळिशीचा, अंगानं भक्कम, गळ्यात तुळशीची माळ. आठवड्याची दाढी वाढलेली होती, पण नवरात्रात पुष्कळ जण दाढी करत नाहीत, त्यामुळं मी तिकडं लक्ष दिलं नाही.

"आवं सायेब, मीच त्येला मिरजेच्या ठेसनावर घालवून आलो की. अमुशाचा दिस. पित्रं जिवलो आन् निघालो. तांबडा पटका बांदलाता त्येनं. ठेसनावर दोन केळी घेतली, येक त्येनं खाल्लं, येक मला दिलं. गाडीत खिडकीजवळ जागा घावली त्येला."

आता इतक्या वर्षांच्या अनुभवातून एक गोष्ट सांगतो. भाऊ घर सोडून गेला असेल तर माणसाला त्याचं शेवटचं बोलणं आठवतं. केळी आठवत नाहीत. पटका, केळी, खिडकी असं सगळं नीट मांडून ठेवलेलं दिसलं की मी सावध होतो. पण सावध होणं म्हणजे पुरावा नव्हे. मी त्याला जाऊ दिलं.

पाचव्या माळेच्या संध्याकाळी मी स्वतः दीपमाळेपाशी जाऊन उभा राहिलो. बरोबर आमचा जमादार होता. त्यानं काठीला लिंबू बांधलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, "साहेब, खात्याची काठी आहे, लिंबू माझं स्वतःचं आहे." देवळापुढं एरवी पाय ठेवायला जागा नसे. त्या दिवशी दीपमाळेभोवती मोकळं रिंगण पडलं होतं आणि बायका पोरांना जवळ ओढून लांब उभ्या होत्या. गोंधळ्याची संबळही थांबली होती.

एकेक करून दिवे लागले. मग थोरली पुढं आली. पस्तिशीची, उंच बांध्याची, पण चेहऱ्यावरचं सगळं रक्त गेलेलं. तिनं पदराखालून पणती काढून दगडी हातावर ठेवली आणि काडी ओढली. वात तडतडली, निळसर झाली आणि विझली. विझताना आलेला चर्र आवाज सगळ्यांना ऐकू गेला. वरचे सगळे दिवे स्थिर जळत होते, खालची रांगही जळत होती, आणि त्या रांगेत ती एकच जागा काळी राहिली होती. माझ्या मानेवर काटा आला, हे खरंच सांगतो.

मी थोरलीकडं बघत होतो. शेजारणीनं हळदीकुंकवाचा करंडा पुढं केला तर तिनं मानेनंच नको म्हटलं. देवळाच्या पायरीला तिनं हात लावला नाही. कुणाचं तरी लहान पोर धावत येऊन तिच्या लुगड्याला झोंबलं, तशी ती झटकन मागं सरली. मला ते खटकलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. गर्दी पांगल्यावर मी त्या पणतीत बोट बुडवलं. पणतीत तेलाचा थेंब नव्हता, नुसतं पाणी होतं.

म्हणजे भूत नव्हतं, बाई होती. पण त्यानं माझं कोडं सुटलं नाही, उलट वाढलं. जमादाराला सांगितलं तर त्याला भुताचंच पटत होतं, कारण देवीच्या दिव्यात पाणी घालणारी सुवासिन त्याच्या डोक्यातच बसेना. माझ्याही बसत नव्हती. मी त्याला कुणापाशी बोलायचं नाही अशी ताकीद दिली.

दुसऱ्या दिवशी मला तालुक्याला कोर्टाची तारीख होती. मी नाही असं बघून पंचांनी बापलेकींना वेशीबाहेर घालवलं. पोरीच्या पाठीवर कुणीतरी शेणसुद्धा मारलं. आणि त्याच संध्याकाळी, सहाव्या माळेला, त्या घरचा दिवा लागला.

मी परत येऊन पोचलो तेव्हा गाव नाचत होतं. संबळ वाजत होती, बायका ओवाळत होत्या, आणि खालच्या रांगेतली ती पणती शेजारच्या पणत्यांहून मोठी ज्योत धरून जळत होती. म्हातारा पंच मला म्हणाला, "बगा सायेब, पांढऱ्या पायाची गेली आन् दिवा लागला." जमादार माझ्याकडं असा बघत होता की आता तरी साहेबानं मान्य करावं. क्षणभर माझंही मन डगमगलं.

पण मी पुन्हा थोरलीकडं बघितलं. आज तिच्या केसांत फूल होतं. आज तिनं हळदीकुंकू घेतलं, पायरीला डोकं टेकलं आणि शेजारणीचं पोर कडेवर घेतलं. काल जी कुणाला शिवायला भीत होती, ती आज सगळ्यांत मिसळली होती. आदल्या वर्षी माझे चुलते वारले तेव्हा आमच्या घरात मी हेच पाहिलं होतं. दहा दिवस माझ्या बायकोनं देवाला हात लावला नव्हता, आणि अकराव्या दिवशी न्हाऊन पहिल्यांदा देवापुढं दिवा लावला होता.

या बाईचं सुतक आज फिटलं होतं. आणि त्या घरात कुणी वारल्याचं गावाला माहीत नव्हतं.

मी तिथंच उभ्या उभ्या बोटांवर मोजलं. दहा दिवस मागं गेलं की पितृपंधरवड्यातली एकादशी येत होती. थोरला तर भावाला अमावस्येच्या दिवशी गाडीत बसवल्याचं सांगत होता. मी एका शिपायाला त्याच पावली सायकलवर पिटाळलं, बापलेकींना गाठून परत आण म्हणून, आणि जमादाराला त्या एकादशीला या घरी काय काय घडलं ते काढायला सांगितलं. भूत नाही म्हटल्यावर जमादाराला हुरूप आला. सकाळपर्यंत त्यानं एक गाडीवान शोधून आणला. तो म्हणाला, त्या एकादशीला तो हळद न्यायला ओढ्यापलीकडच्या त्यांच्या पेवावर गेला होता, पण पेवाला ओल लागली म्हणून थोरल्यानं गाडी रिकामीच परत पाठवली.

सांगलीकडं हळद पेवात ठेवतात. पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंडाशी अरुंद, पोटात रुंद. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या पेवातली हवा माणसाला मारते. म्हणून तोंड उघडून दिवसभर वारा लागू देतात आणि मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर उतरत नाही.

सातव्या माळेला सकाळी मी थोरलीला पोलीस पाटलाच्या घरी बोलावलं. पाटलाच्या म्हाताऱ्या आईला शेजारी बसवलं. आरडाओरडा केला नाही, कागदही पुढं घेतला नाही.

"बाई, कालपर्यंत तुम्ही सुतक कुणाचं धरलं होतं?"

तिनं एकदम मान वर केली. मग पाटलाच्या आईकडं बघितलं. म्हातारी तिच्याकडं रोखून बघत होती.

"देवीला इटाळ करायचा नव्हता," ती शेवटी म्हणाली. "घरात घट बी बसीवला न्हाई. दिवा लावला न्हाई तर गाव इचारंल, म्हनून पानी घालून नुसती वात पेटीवली. तुमच्याम्होरं खोटं बोलाय येतं, सायेब. देवीम्होरं कसं बोलू?"

मग तिनं सगळं सांगितलं. एकादशीला सकाळी पेव उघडलं. गडी माणसांना थोरल्यानं सुट्टी दिली होती. "ह्येंनी कंदील सोडला. इजला. वर वढून परत काडी लावली, परत सोडला, परत इजला. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या आज. तवर भावजी बैलं सोडून आलं. ह्येंनी त्येस्नी सांगितलं, कंदील चांगला जळतुय, उतर. भावजी उतरलं."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"न्हाई."

"मग?"

"खालनं येकदाच 'दादा' म्हनून हाक आली. मग न्हाई. ह्येंनी फळी सारली, वर माती लोटली."

पाटलाच्या आईनं तोंडाला पदर लावला. मला त्या बाईचा असा राग आला की मी उठून बाहेर ओसरीवर गेलो. परत आल्यावर विचारलं, "त्या पोरीला गावानं शेण मारून घालवलं, तेव्हा तरी तोंड उघडायचं." तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

पेव संस्थानी हद्दीत. पण तिथल्या अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी परवानगी दिली आणि माणूसही दिला, त्याबद्दल त्यांचे आभार मी अजून मानतो. दोन्हीकडच्या पंचांसमोर पेव उघडलं. कंदील सोडला. दोन हात खाली गेला आणि विझला. दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो, मग कंदील तळापर्यंत जळला.

प्रेत हळदीच्या ढिगावर पालथं पडलेलं होतं. आत ताजी हवा नसल्यानं ते फारसं बिघडलं नव्हतं. केसांपासून पायांच्या नखांपर्यंत हळदीची धूळ बसून ते पिवळं झालं होतं. पाच महिन्यांपूर्वी त्याच गावानं त्याला नवरदेव म्हणून हळद लावली होती. मी टोपी काढली.

थोरला पहिल्यांदा अपघात म्हणाला. भावकी मलाच धरील म्हणून झाकलं, असं सांगू लागला. मी विचारलं, "मग मिरजेची केळी कुणी खाल्ली?" अंगावर जखम नव्हती, त्यामुळं सगळा खटला थोरलीच्या साक्षीवर उभा होता. नवऱ्यानं बायकोला एकांतात सांगितलेलं कोर्टात चालत नाही, पण तिनं डोळ्यांनी पाहिलेलं चालतं. तिनं साक्ष फिरवली नाही. त्याला जबर शिक्षा झाली.

या प्रकरणानं मला एक गोष्ट शिकवली. थोरल्यानंही त्या दहा दिवसांत दाढी केली नव्हती, गोड खाल्लं नव्हतं आणि घट बसवू दिला नव्हता. सख्ख्या भावाला त्या हवेत उतरवताना त्याचा हात कापला नाही, पण सुतकात देवीला शिवायची त्याची छाती झाली नाही. पुढं नोकरीत कुणाबद्दल 'साहेब, तो देवाधर्माचा माणूस आहे' असं सांगायला लोक येत, तेव्हा मी त्यांचं ऐकून घेई आणि चौकशी चालूच ठेवी.

पण मला जास्त आठवते ती धाकटी. शिपायानं तिला वाटेतल्या एका खेड्यातून परत आणलं होतं. पेवावरून आल्यावर मी तिला ठाण्यात बसवून सांगितलं. तिच्या बापानं भिंतीला डोकं टेकलं. ती रडली नाही. पदराच्या टोकानं तिनं स्वतःच कुंकू पुसलं आणि विचारलं, "कवा?"

"एकादशीला सकाळी."

"त्या दिशी म्या माहेरी हातात बांगड्या भरल्या," ती म्हणाली.

थोरली बाहेर व्हरांड्यात बसली होती, जबाबावर अंगठा द्यायला आणलेली. धाकटी उठून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. जमादार मध्ये पडायला निघाला, मी त्याला हातानं थांबवलं. थोरली म्हणाली, "मार मला. काय बी कर. पर म्या त्येंचं सुतक धरलं गं, धाई दिस धरलं. दुसरं कुणी बी धरलं न्हाई."

"व्हय आक्का, सुतक नेमानं धरलंसा," धाकटी म्हणाली. "त्या वक्ताला त्येंच्या दंडाला धरून मागं वढलं आस्तं तर?"

थोरलीनं मान खाली घातली ती वर केली नाही. धाकटी बापाला घेऊन पायऱ्या उतरली आणि घाटाकडं गेली. प्रेत तिकडंच नेलं होतं.

तोपर्यंत जबाब घेताना मी साक्षीदाराला 'तू काय पाहिलंस' एवढंच विचारत असे. कायद्याला तेवढंच लागतं. त्या दिवसानंतर मी प्रत्येकाला आणखी एक प्रश्न विचारू लागलो, 'मग तू काय केलंस?' त्याचं उत्तर मी कधी लिहून घेतलं नाही. बहुतेक जण तो ऐकला की जमिनीकडं बघत.